त्यांना मीटिंग, आम्हाला झाडू

लोक उदासीन आहेत म्हणे.

नागरी कारभारावरच्या कुठल्याही परिसंवादाला जा, हे रडगाणं ठरलेलं. लोक मतदानाला उतरत नाहीत, बजेट वाचत नाहीत, सूचना पाठवत नाहीत, प्रभागाच्या बैठकीकडं फिरकत नाहीत. मग उपाय काय? तर जनजागृती. पोस्टरं चिकटवा, पथनाट्य करा, शाळेतल्या पोरांची उन्हातून फेरी काढा. म्हणजे दुखणं लोकांच्या डोक्यात. ऑफिस आपलं धडधाकट, दार उघडं टाकून वाट बघत बसलेलं. लोकच साले नालायक.

मी म्हणतो, हे सगळं उलटं आहे. जो माणूस दहा वेळा खिडकीवरून हाकलला गेला तो अकराव्या वेळी येत नाही. त्याला उदासीन म्हणणं म्हणजे ज्याचे पाय बांधले त्यालाच आळशी म्हणणं. महापालिकेला एक वळण असतं. कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला उभं ठेवायचं, कुणाचा अर्ज हातात घ्यायचा, कुणाचा टेबलावर टाकायला सांगायचा, कुणाला 'अहो' आणि कुणाला 'ए' म्हणायचं. हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. व्यवस्थापनवाले ह्याला 'संस्थेची संस्कृती' म्हणतात. दोस्तांनो, आपल्याला ह्या 'संस्कृती' शब्दाची ओळख जुनी आहे. तिनं किती पिढ्या आपल्याला पाणवठ्यापासून लांब ठेवलं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

पाणवठ्याचं नाव निघालंच आहे तर महाडपासूनच सुरू करू. कारण महाडचा लढा हा एका म्युनिसिपालटीशी झालेला लढाही आहे, आणि आपण हे विसरतो.

१९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशानं बांधलेले, सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव पास झाला. १९२४ साली महाडच्या म्युनिसिपालटीनं आपला वेगळा ठराव केला: चवदार तळं सर्वांना खुलं. कागद पक्का. सही पक्की. आणि तीन वर्षं एकही अस्पृश्य तळ्यावर गेला नाही. आजचा एखादा उपायुक्त तेव्हा असता तर त्यानं काय अहवाल लिहिला असता? 'सुविधा उपलब्ध आहे. सदर समाजाचा प्रतिसाद अल्प.' बरोबर ना? लोक उदासीन!

मग २० मार्च १९२७ला प्रतिसाद आला. हजारोंचा. बाबासाहेब पुढं, लोक मागं, आणि ओंजळीत पाणी. परतताना लोकांची डोकी फोडली गेली. तळ्यात पंचगव्य ओतून शुद्धी झाली. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला म्युनिसिपालटीनं काय केलं? १९२४चा ठराव रद्द केला.

हे नीट बघा. कुणी आलं नाही तोवर ठराव जिवंत होता. लोक खरोखर आले त्या दिवशी ठराव मेला. पुढं कोर्टकचेरी झाली आणि १९३७ साली हायकोर्टात आपण जिंकलो, दहा वर्षांनी. स्थानिक स्वराज्य संस्थेची रीत एका ओळीत सांगायची तर ती हीच: हक्क कागदावर असतो तोवर कुणाचीच हरकत नसते, हरकत असते ती हक्क वापरायला येणाऱ्या माणसाला.

आता आजच्या मुंबईचं पाणी बघा. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं सरकारी परिपत्रक १९९६ साली निघालं. म्हणजे तहानेलाही कट-ऑफ डेट! पाणी हक्क समिती कोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून माणसाला तहानेलं ठेवता येणार नाही, महापालिकेनं धोरण करावं. मग धोरण झालं, अटी आल्या, २०२२ साली 'सर्वांसाठी पाणी' अशी घोषणाही झाली. कागदाला कागद वाढत गेला.

ह्या कागदांच्या काळात मी आमच्या वस्तीतल्या बायांबरोबर एका वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात महिनोन्‌महिने खेपा घातल्या आहेत. कुठलं वॉर्ड ते सोडा, कारण कुठल्याही वॉर्डात हेच आहे. पाच घरांच्या गटासाठी एक जोडणी, एवढीच मागणी. पहिल्यांदा कळलं, साहेब साईटवर आहेत. दुसऱ्यांदा, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा, अर्जात खाडाखोड आहे. चौथ्यांदा कोर्टाच्या निकालाची प्रत नेली तर उत्तर मिळालं, 'कोर्टाचं कोर्टात. आमच्याकडं परिपत्रक आलं नाय.' आवकचा शिक्का मागितला तर म्हणे शिक्कावाला रजेवर. शेवटी एक लायसन्सवाला प्लंबर भेटला. तो नगरसेवकाच्या माणसाला ओळखत होता. तोच अर्ज, तीच घरं, तेच कागद. त्याच्या हातातून फाईल हलली. त्याचा रेट वेगळा.

आता इथं कुणी म्हणेल, भ्रष्टाचार आहे, एक क्लार्क निलंबित करा. तिथंच घोळ आहे. तो क्लार्क आपल्यातलाच होता. राखीव जागेवर लागलेला, मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेला. दर चौदा एप्रिलला वर्गणी देणारा. आमच्यासमोरच आतून इंजिनिअरनं त्याला हाक मारली, 'अरे ए, फाईल घेऊन ये.' नाव नाही, आडनाव नाही. तो गेला, खाली मान घालून ऐकून आला, खुर्चीत बसला आणि आमच्या आक्काकडं वळून म्हणाला, 'ए बाई, लाइनीत उभी ऱ्हा.'

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणी तरी आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणी तरी. वर बघायचं तर आदरानं, खाली बघायचं तर तुच्छतेनं. म्हणूनच ही इमारत पडत नाही. मधल्या प्रत्येक पायरीला खालच्या पायरीवर उभं राहण्याचं सुख मिळतं. मला सांगा, महापालिकेचं ऑफिस ह्याहून वेगळं काय आहे? आयुक्त, अतिरिक्त आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, कार्यकारी अभियंता, दुय्यम अभियंता, मुख्य लिपिक, लिपिक, शिपाई, आणि सगळ्यांच्या खाली खिडकीबाहेरचा माणूस. ज्या कर्मचाऱ्याला वरिष्ठाशी बोलायची सोय नाही तो नागरिकाचं बोलणं ऐकून घेणार कुठून? जे वरून मिळतं तेच तो खाली देतो. नुसती माणसं बदलून हे जात नाही. आपला माणूस त्या खुर्चीत बसला की खुर्ची त्याला आपलं वळण लावते.

आणि ही खुर्ची कुणी बनवली? मुंबई महापालिका आजही १८८८च्या कायद्यावर चालते. राणीच्या राज्यातला कायदा. अंमलाची सगळी ताकद आयुक्ताच्या हातात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर प्रथम नागरिक, म्हणजे हार घालायला आणि फीत कापायला. ज्या काळी मतदान करदात्या मालमत्तावाल्यांपुरतं होतं त्या काळातलं हे यंत्र. त्याच्या नजरेत नागरिक म्हणजे भाडं-कर भरणारा इज्जतदार गृहस्थ. बाकी सगळे अर्जदार. आज त्याच यंत्राला नवे शब्द सुचले आहेत: लाभार्थी, झोपडीधारक, अतिक्रमणधारक. कुठल्याही अर्जाचा नमुना वाचा. विनंती, कृपा, नम्र, आज्ञाधारक. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तुम्हाला वाकायला शिकवलं जातं.

तरी कुणी म्हणेल, महापालिका नागरिकांना सहभागी करून घेते की! घेते. पण कुणाला कसं घेते ते बघा.

१९९७च्या सुमारास मुंबईत एएलएम सुरू झालं. प्रगत परिसर व्यवस्थापन. एका गल्लीतल्या, एका रस्त्यावरच्या इमारतींनी समिती करायची, कचरा वेगळा करायचा, आणि वॉर्ड ऑफिसरबरोबर बसून तक्रारी मांडायच्या. चांगली गोष्ट. माझा विरोध नाही. ह्या समित्यांच्या चिटणिसांकडं अधिकाऱ्यांचे नंबर असतात, बैठकीत त्यांना चहा मिळतो.

झोपडपट्टीसाठी काय आणलं? दत्तक वस्ती योजना. नाव ऐका: दत्तक! म्हणजे आपण अनाथ. कायम कामगार वस्तीच्या आत पाठवायचे नाहीत, त्याऐवजी वस्तीतल्याच संस्थेला थोडी रक्कम द्यायची, तिनं वस्तीतलीच माणसं मानधनावर घ्यायची आणि त्यांनी गटारं-संडास-गल्ल्या साफ करायच्या. पगार नाही, मानधन. कामगार नाही, स्वयंसेवक. २०१३ साली तिचं नाव बदलून स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान केलं. प्रबोधन! आपल्या हातात झाडू दिला आणि त्याला नाव दिलं प्रबोधन.

एकच महापालिका, एकच शब्द, 'लोकसहभाग'. इमारतीत त्याचा अर्थ मीटिंग. झोपडपट्टीत त्याचा अर्थ झाडू. एका नागरिकानं अधिकाऱ्यावर देखरेख करायची, दुसऱ्यानं अधिकाऱ्याचं काम अर्ध्या पैशात करायचं. ह्यात कुठल्या कलमात जात लिहिलीय? कुठंच नाही. लिहायची गरजच नाही. ती ऑफिसच्या हाडात आहे.

हाडात आहे म्हणजे काय ते महापालिकेच्या स्वतःच्या घरात डोकावलं की दिसतं. सफाई खात्यात झाडू घेऊन कोण उभा आहे? मॅनहोलमध्ये कोण उतरतो? त्याची जात विचारायची गरज पडते का? लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी त्याचा वारस लागतो. ही नोकरी आपल्या माणसांनी झगडून टिकवली आहे, तिच्यावर पोरांची शिक्षणं झाली आहेत, ती कुणी हिसकावणार असेल तर आपण रस्त्यावर उतरू. पण विचार करा, सगळ्या पालिकेत वारसानं चालत येणारं हे एकच काम का? आयुक्ताचा मुलगा आयुक्त व्हावा अशी समिती कुणी नेमली नाही. शिवाय कायम नोकरी तरी कुठं उरली? कचरा वाहणाऱ्या २७०० कंत्राटी कामगारांना आम्ही पालिकेचेच कामगार आहोत एवढं सिद्ध करायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल लागला ७ एप्रिल २०१७ला. पालिका म्हणत होती, हे आमचे नव्हेतच. जी संस्था स्वतःचा कचरा उचलणाऱ्याला आपला म्हणत नाही, ती त्याच्या वस्तीतल्या बाईला नागरिक म्हणेल?

उदासीनतेचं भूत आणखी एका गोष्टीनं उतरतं. २०१५च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या की लोकांनी हजारोंनी हरकती टाकल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारला तो आराखडा मागं घ्यावा लागला. कुठं गेली होती उदासीनता तेव्हा? त्या वेळी वस्तीवस्तीत कार्यकर्ते नकाशे पसरून बसले होते. हा रंग म्हणजे रस्ता, हा रंग म्हणजे तुझ्या घरावरचं आरक्षण, हे साध्या मराठीत-हिंदीत सांगत होते. लोकांना कळलं की आपलं घर ह्या कागदावर आहे, आणि लोक उठले. जनजागृती महापालिकेनं केली नव्हती. तिनं फक्त जाहिरात छापली होती: हरकती व सूचना मुदतीत सादर कराव्यात.

लांबचा दाखला हवा असेल तर ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराचा घ्या. १९८९पासून तिथल्या वर्कर्स पार्टीच्या नगरपालिकेनं बजेटचा एक भाग वस्त्यावस्त्यांच्या सभांपुढं ठेवला. लोकांनी कामं ठरवायची, आपले प्रतिनिधी निवडायचे, आणि पुढच्या वर्षी मागच्या कामांचा हिशोब अधिकाऱ्यानं उभं राहून द्यायचा. अधिकारी उभा, लोक बसलेले! गरीब वस्त्यांतली माणसं येऊ लागली, कारण बोललेलं रस्त्यावर दिसू लागलं. २००४नंतर सत्ता बदलली आणि हळूहळू ती पद्धत खच्ची झाली. म्हणजे रीत बदलता येते आणि बदललेली रीत मोडताही येते. तिची राखण करायला संघटना लागते.

आपल्याकडं काय झालं? १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या. २००९ साली महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभाही आली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. मित्रा, तुझ्या वस्तीत क्षेत्रसभा भरल्याचं तू कधी ऐकलंस? महाडचा १९२४चा ठराव पुन्हा एकदा. खुलं आहे, पण कुणी यायचं नाही.

ह्याच्यावर कळस झाला तो २०२२ साली. मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. पुण्याचीही संपली. राज्यघटना म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. जवळजवळ चार वर्षं ह्या शहरांत निवडलेला एक माणूस नव्हता. प्रशासक! २०२५-२६चं मुंबईचं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं. मांडलं आयुक्तानं, मंजूर केलं प्रशासकानं, आणि दोन्ही खुर्च्यांत माणूस एकच. १८८०च्या सुमारास लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून म्युनिसिपालटीनं सजावटीवर पैसे उधळायचं ठरवलं तेव्हा महात्मा फुले सभासद होते. ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले आणि एकट्यानं विरोधात मत दिलं. इंग्रजाच्या राज्यात, सरकारनं नेमलेल्या सभासदाला, एकट्याला का होईना, विरोधात हात वर करायला जागा होती. चार वर्षं आपल्याला तेवढीही नव्हती. आणि ज्यांनी ही चार वर्षं मुकाट गिळली तेच आता नागरिकांच्या उदासीनतेवर लेख लिहितात.

आता थोडं घरचंही बोलू, कारण दुसऱ्याच्या ऑफिसला शिव्या घालणं सोपं असतं. आपल्या चळवळीच्या कचेऱ्यांचं वळण काय आहे? लेटरहेडवर अध्यक्षाचा फोटो. बाहेर बाकड्यावर बाया बसलेल्या. साहेब आले की सगळे उभे. 'दादा, तेवढं वॉर्डात सांगा ना.' दादा फोन लावतो, काम होतं, बाई पाया पडते. काम झालं, पण बाई काय शिकली? हक्क नसतो, ओळख असते, एवढंच. ऑफिसच्या खिडकीबाहेर आपण दुसरी खिडकी उघडली आणि तिच्यात आपला माणूस बसवला. गटातटांचे एवढे तुकडे झाले, पण प्रत्येक तुकड्यात ही खिडकी शाबूत आहे. ज्या संघटनेत खालचा कार्यकर्ता नेत्याला हिशोब विचारू शकत नाही, ती महापालिकेला हिशोब कुठल्या तोंडानं विचारणार?

म्हणून आपल्या तरुणांनी काम हातात घ्यायचं ते असं.

एक. अर्जाला एकट्यानं जायचं नाही. पाच जणांनी जायचं, आणि बोलायचं ज्याचं घर आहे त्यानं. कार्यकर्त्यानं मागं उभं राहायचं. बाई अडखळली तरी चालेल, तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्यायचं.

दोन. शिक्क्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आवक क्रमांक, तारीख, सही. महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत, कुणी द्यायची, नाही दिली तर अपील कुणाकडं, हे कार्यालयानं फलकावर लावायचं असतं. फलक नसेल तर पहिली तक्रार फलकाची.

तीन. माहितीचा अधिकार वापरायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे. शब्दांवरही रेशन! तर दीडशे शब्दांतच विचारायचं: आमच्या वस्तीच्या नावावर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला, कुठल्या कामावर, कुठल्या ठेकेदाराला? उत्तर आलं की ते वस्तीत मोठ्यानं वाचायचं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर.

चार. क्षेत्रसभा मागायची. नव्या नगरसेवकाकडं लेखी मागायची, आणि तो भरवत नसेल तर आपण भरवायची. समाजमंदिरात, बुद्धविहारात, नळावर. ठराव लिहायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि वॉर्डात नेऊन त्यावर शिक्का घ्यायचा. त्याला कायद्याची मान्यता नाही म्हणतील. म्हणू देत. तुम्ही भरवली नाही म्हणून आम्ही भरवली, एवढंच उत्तर.

पाच. सफाई कामगार आणि वस्ती एकत्र आली पाहिजे. आज कचरा तुंबला की वस्ती कामगाराला शिव्या घालते आणि कामगार वस्तीला. वरचे बघत बसतात. दोघं एका मोर्चात आले की ह्या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या हलतात. आणि खालच्या पायऱ्या हलल्याशिवाय वरच्याला कधीच काही कळलेलं नाही.

सहावं, आणि सगळ्यात अवघड. आपल्या कचेरीतलं बाकडं उचलून फेकायचं. सगळ्यांना सारख्या खुर्च्या, नाहीतर सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावायचा. दादाचा फोन बंद. ज्याचं काम त्यानं शिकून घ्यायचं, शिकलेल्यानं दुसऱ्या दोघांना शिकवायचं.

ह्यानं महापालिका एका दिवसात बदलणार नाही. क्लार्क चिडेल, साहेब पोलीस बोलावेल, नगरसेवक म्हणेल पोरं वाया गेली. मतदानाला, झाडू मारायला, जयंतीच्या वर्गणीला आपण चालतो. हिशोब विचारायला आलो की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. राहू दे. १९२७लाही तो उभा राहिलाच होता.

लोक उदासीन नाहीत. ते हजार वर्षं लाइनीत उभे आहेत. आता त्यांना आत बसायचं आहे.

जयभीम!